अर्धवट आलेले दोघे

रूबी नावाच्या संगणकभाषेचं घर अजून रिकामं होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे प्रत्येक वस्तू साच्यातून घडायची, पण साचाही एक वस्तूच. त्यामुळे पहिली वस्तू आणि पहिला साचा, दोघं उंबऱ्यावर अडून बसली.

"आधी तू घड," वस्तू म्हणाली.

"वस्तूच नाही, तर मी कसा घडू?" साचा म्हणाला.

मागे अंक आणि शब्द ताटकळले होते. सगळ्यांना जागा देणारी म्हातारी मेमरी थकून म्हणाली, "दोघंही अर्धवटच या. नाव, नातं मागून जोडू."

"लोक हसतील," दोघं म्हणाली.

"हसायला आधी कुणी असायला तर हवं, बाळांनो."

दोघं ओशाळत आत आली आणि त्यांनी हळूहळू एकमेकांना पुरं केलं. मग अंक आणि शब्द आले, जन्मतःच धडधाकट.

"एवढा उशीर का केलात?" त्यांनी विचारलं.

दोघं फार दमली होती. त्यांनी सरकून वाट दिली.