आवडीचा उलटा पेड

एक होता राजा, पण त्याचं राज्य डोंगरापलीकडे नव्हतं की समुद्रापलीकडे नव्हतं. ते होतं एका मुलीच्या गुडघ्यात. मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. अशा राज्याला पेशी म्हणतात, बरं का.

एकदा काय झालं, ती मुलगी धावता धावता पडली. गुडघा फुटला. शेजारची राज्यं वाहून गेली आणि भलं मोठं खिंडार पडलं. राजा म्हणाला, "हे बुजवायचं तर आपल्या एका राज्याची दोन व्हायला हवीत."

पण राज्यात दोर एकच. डीएनए त्याचं नाव. कातडी कशी विणायची, केस कसे उगवायचे, सगळी विद्या त्याच्या मण्यांत. दोर दोन पेडांचा, वेणीसारखा पिळलेला. मणी चार जातींचे. ए समोर टी, जी समोर सी, अशा त्यांच्या जोड्या ठरलेल्या. आता दोन राज्यांना दोन दोर हवेत की नाही?

मग राजानं दोघी जुळ्या बहिणींना बोलावलं, सगुणा आणि आवडी. मणी ओवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त त्यांच्या हाताला जन्माचं एकच वळण. दोराच्या एकाच दिशेनं ओवायच्या. उलट ओवलं की मणी गळून पडायचे.

रावजी आला. पीळ उकलायचं काम त्याचं. तो उकलत पुढे निघाला, दोन पेड सुटे झाले. एक घेतला सगुणानं, एक आवडीनं. सगुणा रावजीच्या पाठोपाठ, जुन्या मण्यासमोर त्याच्या जोडीचा नवा मणी, असा नवा पेड सरसर ओवत गेली. पण या दोराच्या पेडांची तोंडं उलटसुलट असतात. सगुणाचा हात रावजीकडे चालला, तर आवडीचा त्याच्यापासून लांब.

आवडीनं काय केलं, बहिणीसारखंच रावजीमागे ओवून पाहिलं. मणी टपटप गळले.

मग ती म्हणाली, "रावजीदादांचं सगळं उकलून होऊ दे, मग मी शेवटाकडून ओवत येईन." ती बसून राहिली. पण उघडा पेड गुंतू लागला, तुटायला आला. राजाचा चेहरा उतरला. आवडीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पारूमावशी जवळ आली. कोऱ्या पेडावर पहिले कच्चे मणी बसवायचं काम तिचं. त्यांच्याशिवाय ओवायला सुरुवातच होत नसे. ती म्हणाली, "पोरी, सगळं एका दमात कशाला हवं? तुकड्यातुकड्यानं ओव की."

आवडीनं डोळे पुसले. रावजीनं जरा दोर उकलला, की ती धावत त्याच्यापाशी जायची. मावशी कच्चे मणी बसवायची. तिथून आवडी आपल्या वळणानं मागे मागे ओवत यायची, आधीच्या तुकड्याला टेकेपर्यंत. मग पुन्हा धाव रावजीकडे. पुन्हा मावशीचे मणी, पुन्हा ओवणं. चुकीचा मणी लागला तर लगेच काढायची, खरा बसवायची. पाय भरून आले, पण ती थांबली नाही.

सगुणाचा पेड अखंड उतरला. आवडीचे नुसते तुकडे. बघे कुजबुजले, "हिचं काम फुकट गेलं."

मावशीचे कच्चे मणी काढून त्या जागी पक्के ओवले गेले. मग सांधणारा केरबा आला. त्यानं तुकड्याला तुकडा जोडला, एकूण एक फट बुजवली.

राजानं दोन्ही दोर समोर धरले. प्रत्येकात एक पेड जुना, एक नवा. मण्यास मणी जुळला. कुठला सगुणाचा नि कुठला आवडीचा, राजालाही ओळखू येईना.

"आवडे," राजा म्हणाला, "तू थांबली असतीस तर आज राज्य बुडालं असतं." त्यानं दोघी बहिणींना एकाच पालखीत बसवलं. ढोल वाजले, लेझीम झाली, कुजबुजणारेच पालखीला खांदा द्यायला पुढे आले. सगुणानं आवडीचे दुखरे पाय आपल्या मांडीवर घेतले.

मग एका राज्याची दोन झाली, दोनाची चार. खिंडार भरलं, वर कोवळी कातडी आली आणि ती मुलगी पुन्हा पळायला लागली. सगळी राज्यं सुखानं नांदली.

झाली गोष्ट. आता पांघरूण ओढा नि गुपचूप निजा, बाळांनो.