रुमालाचा राहिलेला अर्थ

“आणखी?” कादरबाबांनी विचारलं.

“फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा,” नरहर म्हणाला, “आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. चेहरा पुसायचं फडकं, तो रुमाल.”

“आणखी?”

“आपल्या मुलखात येऊन तो डोक्यावर चढला. लोक पागोट्याऐवजी रुमाल बांधू लागले. मग कचेरीत शिरला. कागद बांधायचं फडकं म्हणजे रुमाल, आणि पुढे त्या कागदांच्या गाठोड्यालाही रुमालच म्हणू लागले.”

पोरगा हुशार, यात वादच नाही. पण त्याला थोडी ‘ग’ची बाधा झाली होती. पाच वर्षं तो या म्हाताऱ्या फकिराकडे फारसी शिकला. आज बाबा ‘शिकवायला लायक आहेस’ म्हणाले, की तोही उस्ताद होणार होता. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप येऊन आठ दिवस झाले होते. तेवढी परीक्षा उरकून जातो, म्हणून तो थांबला होता.

“आणखी?”

“संपले, बाबा. कोशात याहून जास्त अर्थ नाहीत.”

बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते... त्याच्या पाठीमागच्या दाराकडे बघत होते.

“आणि रुमाल डोक्यावर नसला, खांद्यावर असला तर?”

नरहर हसला. “त्याला कसला आलाय अर्थ? उकडत असेल.”

“मागे बघ.”

दारात त्याचे चुलते उभे होते, गुंडोपंत. बारा कोस चालून पाय धुळीनं माखलेले. चारचौघांत कधी उघड्या डोक्यानं न वावरलेला हा माणूस आज बोडका होता. रुमालाची घडी खांद्यावर होती.

घरातलं माणूस गेलं की त्यांच्याकडे पुरुष डोक्यावरचा रुमाल उतरवत. नरहरला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

“काका... आई?”

“काल पहाटे,” गुंडोपंत म्हणाले. “शेवटपर्यंत दाराकडे बघत होती रे.”

नरहर लहान मुलासारखा रडला. ते रडणं ऐकवत नव्हतं.

“बाबा, मला काहीच येत नाही...”

बाबांनी आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या हातात दिला. नरहरनं तो डोळ्यांना लावायला उचलला, तसा बाबांनी त्याचा हात धरला.

“तुझं राहू दे, बेटा. घरी तुझे वडील आहेत. त्यांचा चेहरा पूस.”