पाळण्याखालचे हात

वेळगिरी संस्थानात गरिबांच्या लेकरांसाठी तीन सोयी होत्या: पूर्वेच्या वेशीजवळ सूतिकागृह, पश्चिमेला दवाखाना आणि टेकडीवर पाळणाघर. तिन्हींचे कारभारी मात्र एकमेकांचं तोंड पाहत नसत. खाणीवर दगड फोडणाऱ्या येसाचं तापानं फणफणलेलं बाळ पाळणाघरानं दारातूनच परत पाठवलं. दवाखान्याची वाट तुडवताना ते तिच्या कडेवरच गेलं.

दरबारात येसा रडली नाही. "तिघांना एका छपराखाली आणा," एवढंच म्हणाली.

दिवाण रंगोपंत गुरकावले, "प्रत्येक खातं आपापलं काम चोख करतं. मधल्या वाटेला कोणी जबाबदार नाही!"

त्याच आठवड्यात त्यांच्या नातवाचं बारसं होतं. थोरल्या सुनेनं पाळण्याखालून बाळ पुढे केलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!"

पलीकडे बाळाची आत्या, म्हणजे दिवाणांचीच लेक अंबू, हाताची घडी घालून उभी होती.

"अहो वन्सं, घ्या ना! हात भरून आले माझे."

"माझं काम बाळाच्या कानात नाव सांगायचं," अंबू म्हणाली. "ते मी चोख करीन. मधल्या वाटेला मी जबाबदार नाही."

बायका चपापल्या. रंगोपंत धावत आले आणि गुडघे टेकून त्यांनी स्वतःच पाळण्याखाली हात धरले. बाळ त्यांच्या ओंजळीत आलं.

अंबू त्यांच्याजवळ वाकली. "आबा, येसाचं लेकरूही असंच मध्ये होतं. पलीकडे हात नव्हते."

रंगोपंत गुडघ्यांवरूनच म्हणाले, "तिघा कारभाऱ्यांना बोलवा. बाळ माझ्या हातात आहे, तोवरच."