दोघांचा वाडगा

एक होता शिपाई, आणि तोच होता साधू. हसू नका. फिरंग्यांच्या मुलखात जुन्या काळी असे असत. सकाळी प्रार्थना, दुपारी तलवार. त्यांचा मोठा संघ होता. अंगात पांढरे झगे, छातीवर क्रूस.

संघाचा नियम असा, की दोघांनी एका वाडग्यात जेवायचं आणि जेवताना अवाक्षर काढायचं नाही. वाडगाही साधासुधा नव्हता, बरं का. समोरासमोर दोघं बसले की आमटीने भरायचा. एकटा बसला की तळ कोरडा.

मग संघ फार मोठा झाला, तसे लोक बोलायला लागले. म्हणे यांच्याकडे खजिना आहे. म्हणे यांच्याकडे बोलणारं मुंडकं आहे, त्याची हे पूजा करतात. कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची खात्री होती. मग पोपसाहेबांनी एक कागद काढला आणि संघ बंद.

कागद संघाच्या डोंगरावरच्या गढीत पोचला तेव्हा तिथे दोघंच उरले होते, बंधू आमोरी आणि बंधू रेनो. मग रेनो वारला. आमोरी रोज दुपारी वाडगा मांडायचा, समोरची जागा झटकायचा आणि वाट पाहायचा. मग चार कच्ची फळं चावून उठायचा. हाडं वर आली. पण भुकेपेक्षा ती समोरची जागाच जास्त खायची त्याला.

एकदा राजाचा सरदार आला.

"बसा, जेवा," आमोरी म्हणाला.

"आधी खजिना!" सरदाराने सगळ्या फरश्या उखडल्या. काही मिळालं नाही. फरश्या तशाच टाकून गेला.

मग एक विद्वान पाद्री आला.

"बसा, जेवा."

"पाखंड्याबरोबर? मुंडकं दाखव!" मुंडकं काही सापडलं नाही. तरी त्याने त्यावर चाळीस पानं लिहिली.

मग आली ओडिल, खालच्या गावातली म्हातारी विधवा. तिची शेळी गढीत शिरली होती. आमोरी वाडग्यापाशी भिंतीला टेकून बसला होता. उठायचं त्राण नव्हतं.

"काय हो बाबा, इथे बोलणारं मुंडकं आहे म्हणे?"

"आहे की. हे काय, माझ्याच खांद्यावर. पण बोलायला कोणी नाही, म्हणून गंजलंय."

ओडिल हसली. "मी तर शेळीशी बोलते. जेवलात का?"

"एकट्याला जेवता येत नाही."

"मलाही घास उतरत नाही हो," असं म्हणून ती समोर बसली.

मग काय! वाडगा काठोकाठ भरला. वाफ आली. दोघं मुकाट जेवली. निम्मी आमटी संपली तशी ओडिल म्हणाली, "मीठ कमी आहे."

आमोरीने जन्मभर पाळलेला नियम त्या दुपारी मोडला. म्हणाला, "रेनोच्या चेहऱ्यावरही हेच दिसायचं. तीस वर्षं."

मग ती रोज दुपारी येऊ लागली, पदरात मीठ बांधून. दोघं जेवायची, बोलायची, सुखाने राहायची. गावात नवी बोलवा उठली, की म्हातारीने खजिना लाटला. उठू दे.

चला पोरांनो, सरका जरा. एका पांघरुणात दोघं मावता. आता बोलणं बंद, डोळे मिटा.