ताणलेल्या तारा

एका राज्यात एक दुपार इतकी लांबली, की लोकांनी घटका मोजणे सोडून दिले. राणी चंद्रावळ वारली त्या दिवसाची ती दुपार. राजा जादूगाराला म्हणाला होता, "आजचा दिवस सरू देऊ नकोस." सकाळीच राणीने आपली वीणा सुरात लावली होती. जादूगाराने त्या तारांना दिवस बांधला. खुंट्या फिरवून त्या उतरवल्याशिवाय सूर्य माथ्यावरून हलणार नव्हता; वीणाच फुटली तर कधीच नाही.

विहिरी आटल्या. रान करपले. मग वीणेच्या भोपळ्याजवळचा सांधा उकलू लागला.

वीणा घडवणारा चांगोजी म्हणाला, "महाराज, उन्हाने सांध्यातली लाख मऊ पडली आहे. तारांची ओढ सांधा उपटील. तारा उतरवा."

"दुसरे काही सांग."

"मग वाळ्याचे ओले पडदे लावा."

राजाने नागांच्या दलदलीतून वाळा आणला. नागांनी वाट दिली. पडदे पळभरात वाळले.

"आता नवी लाख हवी," चांगोजी म्हणाला.

राजाने राक्षसाच्या वनातून लाख आणली. राक्षसाने मोबदल्यात राजाची सावली ठेवून घेतली. चांगोजीने सांधा भरला, पण तीही लाख पाघळली. दांडी वाकली.

"तिसरे काही?"

"तिसरे मी पहिल्यांदाच सांगितले, महाराज."

राणीची साळुंकी पिंजऱ्यातून बोलली, "नागांना भ्याला नाहीस, राक्षसाला भ्याला नाहीस. खुंटीला भितोस होय रे?"

"तिने लावलेला सूर आहे तो. उतरवला की गेला."

"वीणा फुटली तर सूरही जाईल आणि सूर्यही सुटायचा नाही. मलाही तहान लागली आहे, राजा."

राजा वीणेपाशी बसला. चांगोजीने हात पुढे केला.

"नको. मीच उतरवतो."

पहिली खुंटी फिरली, तसा सूर्य पश्चिमेकडे कलला. राजा एकेक तार सैल करीत गेला. शेवटची तार त्याने एकदा छेडली, नाद पुरता विरेपर्यंत ऐकला आणि मग खुंटी फिरवली.

संध्याकाळ झाली. वारा सुटला. विहिरींना पाणी आले. लाख टिकली नाही म्हणून राक्षसाने सावली परत पाठवली. राणीच्या सुतकाचा पहिला दिवस संपला.

तेराव्या दिवशी सांधा पक्का बसल्यावर चांगोजीने वीणा पुन्हा लावली. सूर थोडा निराळा लागला.

"चालेल का, महाराज?"

राजा वीणेपाशी येऊन बसला.

"वाजव," तो म्हणाला.