घागरीतली चिंच

"पण बुवा, चिंचेला कळतं कसं, काळं कुठलं आणि तांबं कुठलं?"

मल्हारी मठाच्या ओट्यावर पाण्याची तांब्याची घागर घासत होता. चिंचेचा कोळ चोळला की काळी पडलेली घागर हां हां म्हणता उजळायची. रोजचंच काम, पण आज त्याला नवल वाटत होतं.

यमाजीबुवांनी टाळ पुसता पुसता मान वर केली. "तुला काय वाटतं?"

"डाग तेवढा खाते, तांब्याच्या वाटेला जात नाही. माझ्या जिभेसारखीच म्हणा ना."

बुवा पुन्हा टाळ पुसू लागले.

मल्हारीला ते झोंबलं. उद्या एकादशीला त्याला पहिल्यांदा कीर्तनाला उभं राहायचं होतं, आणि बुवांचा होकार अजून यायचा होता. पाठांतर चोख, गळा गोड. नडत होती ती जीभ. परवाच भर पंगतीत त्यानं सिद्राम गवंड्याच्या दारूचा पाढा वाचला. बिचाऱ्यानं दारू सोडून वर्ष उलटलेलं. तो भरल्या पानावरून उठला आणि पुन्हा मठाकडे फिरकला नाही.

"मी खोटं बोललो का, बुवा?"

"नाही."

"मग उद्या उभा राहू?"

"घागर झाली?"

"झाली की. बघा, एक डाग राहिला नाही. उरलेला कोळ पाण्यात कालवून आतच ठेवतो. रात्रभर राहिला तर आणखी झळकेल."

बुवांनी उठून घागरीवर फडकं टाकलं.

सकाळी मल्हारीनं मोठ्या हौसेनं घागरीवरचं फडकं काढलं. आत हिरवट पाणी. कडेनं हिरवा कळंक चढलेला. हे काय झालं म्हणून त्यानं बोट बुडवलं आणि चाखायला तोंडाकडे नेलं.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. "कळकलंय ते. विष आहे."

"पण चिंच तर तीच ना, बुवा?" मल्हारी घागरीत डोकावतच राहिला. "घागरही तीच. काल हिच्यावर एक डाग नव्हता, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी..."

बुवांनी मनगट सोडलं नाही.

"डाग नव्हता, तर रात्रभर ती चिंच काय खात होती?"