ओताकीने पाण्याला न दिलेली बाहुली

जपानच्या उत्तरेला, जिथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ हलत नाही, तिथे नदीच्या वळणावर कावासे नावाचं एक गाव होतं. ही गोष्ट त्या गावातल्या ओताकीची. किती जुनी, ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. नदीवर पूल नव्हता तेव्हाची, एवढंच सांगतात.

ओताकी बाहुल्या करायची. लाकडाचा भुसा खळीत मळून ती डोकं घडवी, त्यावर शिंपल्यांच्या पांढऱ्या पुडीचे लेप देई, एक वाळला की दुसरा. सगळ्यात शेवटी डोळे. ओताकीने बाहुलीला डोळे काढले की घरातलं मांजर उठून बाहेर जाई, असं म्हणतात. तिचा नवरा डोंगरात लाकडं तोडताना कोसळत्या बर्फाखाली सापडून गेला होता. घरात आता ती आणि सहा वर्षांची सुझु, दोघीच.

कावासेत एक रीत होती. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुलासाठी एक बाहुली नदीत सोडायची. ही बाहुली देखणी नसे. गवताची काडी, वर कागदाचा किमोनो. मुलाने तिच्यावर तीनदा फुंकर घालायची, आईने ती मुलाच्या अंगावरून उतरवायची, आणि मुलाचं सगळं दुखणं घेऊन बाहुली समुद्राकडे जायची. या बाहुलीला डोळे काढायचे नाहीत, असा नियम होता. का, ते कुणी विचारत नसे.

एका हिवाळ्यात सुझुला खोकला झाला. साधा खोकला नव्हे. पोर रात्ररात्र उठून बसे आणि तिच्या छातीतून करवत चालल्यासारखा आवाज येई. ओताकीला वाटलं, एवढं मोठं दुखणं गवताच्या काडीवर कसं जाईल? म्हणून तिने गवत बाजूला ठेवलं आणि सुझुकडे बघत बघत एक खरी बाहुली केली. तेच कपाळ, तोच जरासा वाकडा दात. आणि डोळेसुद्धा.

शेजारच्या तोमे आजींनी ती पाहिली. तोमे आजी गावच्या सुईण. सुझुला या जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यांनीच.

"अगं बाई, हिला डोळे कशाला काढलेस?"

"आजी, आजाराला फसवायचंय. त्याला वाटलं पाहिजे, हीच सुझु."

"तो फसेल गं," तोमे आजी म्हणाल्या. "तू फसू नकोस म्हणजे झालं."

बाहुल्या सोडायच्या दिवशी सुझुने बाहुलीवर तीनदा फुंकर घातली. तिसऱ्या फुंकरीला तिचा खोकला थांबला, असं म्हणतात. "आई, भूक लागली," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली.

ओताकी धावतच नदीवर गेली. सगळ्या बायका बाहुल्या सोडत होत्या. ती वाकली, बाहुलीचे पाय पाण्याला लागले, आणि बाहुलीने तिच्याकडे पाहिलं. लेकीचंच तोंड, लेकीचेच डोळे, आणि खाली बर्फ वितळून आलेलं काळं पाणी. तिला वाटलं, मी माझ्याच हाताने हिला बुडवतेय. तिने बाहुली किमोनोच्या बाहीत दडवली, रिकामे हात पाण्यात धुतल्यासारखं केलं आणि घरी येऊन बाहुली फळीवर ठेवली.

तीन दिवस सुझु हसली, जेवली, अंगणात बर्फाचे ससे करत बसली. चौथ्या दिवशी खोकला परत आला. आठव्या दिवशी सुझु गेली.

आजार आपणच बाहीत घालून घरी आणला, हे ओताकी कुणाला सांगणार? पण संध्याकाळ झाली, चुलीवर भात शिजला, आणि सवयीने ती दारात जाऊन उभी राहिली.

"सुझु! जेवायला ये गं!"

तोंडातून निघून गेलं. आणि मागे, घरात, कुणीतरी खोकलं.

ओताकीने वळून पाहिलं. फळीवरची बाहुली होती तशीच होती. पण तिच्या किमोनोची कड ओली होती आणि गाल कोमट लागत होते.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी हाक मारू लागली. वर्षभर. हाक मारली की दारातून फळीपर्यंत लहान ओली पावलं उमटत, असं म्हणतात. ओताकी बाहुलीपुढे भाताची वाटी ठेवी, तिचे पाय चुलीपाशी धरून शेकवी. गावातल्या बाया त्या गल्लीतून जायच्या बंद झाल्या. एकजण तर कुंपणापलीकडून ओरडली, "आमच्या पोरांना पेज, आणि तुझ्या लाकडाला भात होय गं!" ओताकी हसली. तिची पोर घरी येत होती. तिला आणखी काय पाहिजे होतं?

मग पुन्हा बाहुल्या सोडायचा दिवस आला. सकाळीच तोमे आजी काठी टेकत आल्या.

"लेक येते म्हणतेस ना घरी?"

"रोज येते, आजी. पावलं बघा ना."

"बघितली. घरात येणारी तू बघतेस. जाणारी कधी बघितलीस?"

त्यांनी ओताकीला हाताला धरून मागच्या दाराशी नेलं. बर्फात लहान पावलं होती, अनवाणी. एकमेकांना खेटून पडलेली, दमलेल्या पोराची पावलं. दोघी त्यांच्यामागून चालत गेल्या. पावलं नदीपर्यंत गेली होती. अगदी काठाशी बर्फ तुडवून तुडवून घट्ट झाला होता. तिथे कुणीतरी हिवाळाभर रोज उभं राहिलं होतं.

आणि तिथूनच ती परत फिरली होती. परतीची पावलं लांब लांब पडलेली होती.

"धावलीय," ओताकी हळूच म्हणाली.

"धावणारच. आईने हाक मारली की ती थांबायची का कधी?" तोमे आजींनी डोळे पुसले. "रोज निघते गं ती. रोज इथवर येते. आणि तू भाताला बोलावतेस."

ओताकीने वाकून एका पावलावर हात ठेवला. मग उठली आणि घरून बाहुली घेऊन आली. पण पाण्याशी वाकली तरी तिची बोटं उघडेनात. "आजी, माझ्याने नाही व्हायचं," ती म्हणाली. "माझे हात माझं ऐकत नाहीत."

तेव्हा तोमे आजींनी तिचं एकेक बोट सोडवलं. बाहुली घेतली, कडेवर घ्यावी तशी घेतली, आणि त्या थकलेल्या बाईने गुडघाभर पाण्यात जाऊन तिला अलगद सोडलं. बाहुली वाहत गेली. वळणापाशी ती क्षणभर थांबली, मागे वळली आणि घराच्या दिशेने कान देऊन राहिली, असं म्हणतात.

ती संध्याकाळ ओताकीला सगळ्यात जड गेली. भात शिजला. ती दारात उभी राहिली. हाक गळ्यापर्यंत आली. तिने किमोनोची बाही दातांत धरली आणि भात पार गार होईपर्यंत तशीच उभी राहिली. मागे कुणी खोकलं नाही.

पुढे ओताकी पुष्कळ जगली. ज्या आईचा हात सुटत नसे तिची बाहुली ती स्वतः घेई, पाण्यात उतरे, आणि वर येऊन त्या आईजवळ बसून राही.

अजूनही कावासेत त्या दिवशी कुणी आई आपल्या मुलाची बाहुली आपल्या हाताने सोडत नाही, शेजारणीकडे देते. आणि त्या संध्याकाळी गावात कुणीच मुलांना जेवायला हाक मारत नाही. पोरांची मजा होते, ती हवं तेवढा वेळ खेळतात. दारादारात आया उभ्या असतात. भात निवतो. भूक लागली की पोरं आपापली येतात, आणि त्यांची पावलं वाजेपर्यंत एकही आई बोलत नाही.